टीएलएस आहे, तरी प्रत्येक मेसेज नक्की कुणाचा हे कसं ओळखायचं?

कृष्णाकाठ

मंडळी, मदत हवी आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण नुसता प्रश्न टाकला तर "एचमॅक लावा" (गुप्त किल्लीनं मेसेजवर शिक्का मारायची पद्धत) एवढंच उत्तर येईल आणि तेवढं मलाही माहीत आहे.

आम्ही एका दूध संघाचं संकलनाचं सॉफ्टवेअर सांभाळतो. दोनशेच्या आसपास गावं आहेत. प्रत्येक केंद्रावर वजनकाटा, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) मोजणारं यंत्र आणि त्यांना जोडलेला एक कॉम्प्युटर. सभासदानं दूध घातलं की कॉम्प्युटर मेसेज तयार करतो. त्यात केंद्र क्रमांक, गावाचं नाव, सभासद कोड, लिटर, फॅट, एसएनएफ आणि वेळ असते. तो रॅबिटएमक्यू या मेसेज पोचवणाऱ्या मधल्या सॉफ्टवेअरच्या (ब्रोकरच्या) क्यूत, म्हणजे रांगेत, येतो आणि पुढे पाच प्रोग्रॅम तो वाचतात: दर काढणारा, एसएमएस पाठवणारा, दहा दिवसांचं बिल करणारा, टँकरचा मेळ घालणारा आणि रिपोर्टवाला. सगळं टीएलएसवरून, म्हणजे वाटेत कुणी वाचू किंवा बदलू शकणार नाही अशा कनेक्शनवरून. ब्रोकरचं युजरनेम-पासवर्ड मात्र सगळ्या केंद्रांना मिळून एकच.

मागच्या महिन्यात १७१ नंबरच्या केंद्रावरचा कॉम्प्युटर जळाला. सकाळच्या संकलनाआधी नवा सुरू व्हायला हवा म्हणून आमच्याच माणसानं शेजारच्या ११७ नंबरच्या केंद्राची डिस्क कॉपी करून तिथे बसवली. केंद्र क्रमांक बदलायचा राहिला. दोन दिवस १७१ चं दूध ११७ च्या नावावर जमा होत होतं. सभासद कोड दोन्हीकडे १ पासूनच सुरू होतात, त्यामुळे कुठेच काही अडलं नाही.

लक्षात कसं आलं? ११७ च्या केंद्रावर एक मावशी मोबाइल घेऊन आल्या. म्हणाल्या, "आमची म्हैस भाकड जाऊन महिना झाला. मी दूध घातलंच नाही, मग सात लिटरचा मेसेज कसा आला?" त्या गप्प बसल्या असत्या तर बिलाचे पैसे त्यांच्या खात्यात गेले असते आणि पलीकडच्या गावात ज्याचं दूध होतं तो हात हलवत परतला असता. कागदी रजिस्टर होतं म्हणून दोन रात्री बसून नोंदी हातानं फिरवल्या.

सर्व्हरनं काही विचारलंच नाही. मेसेजमध्ये ११७ लिहिलंय, म्हणजे ११७. टीममध्ये सांगितलं तर उत्तर मिळालं, "टीएलएस आहे ना, मग अजून काय?" मला प्रत्येक मेसेज स्वतंत्रपणे तपासता यायला हवाय. सुरुवात कुठून करू?

सह्याद्री_७७

आधी एकच पासवर्ड बंद करा. प्रत्येक केंद्राला वेगळा युजर द्या. रॅबिटएमक्यूत मेसेजच्या गुणधर्मांमध्ये युजर-आयडी असतो. पाठवणाऱ्यानं तो भरला असेल तर कनेक्शन त्याच नावानं उघडलंय का हे ब्रोकर तपासतो. जुळलं नाही तर चॅनलच बंद करतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

एक मात्र लक्षात ठेवा: तो गुणधर्म भरलाच नाही तर ब्रोकर काहीही तपासत नाही. रिकामा असलेला मेसेज घ्यायचा नाही, हे वाचणाऱ्या प्रोग्रॅमनं बघायचं.

मेघना_पु

सह्याद्री म्हणतात ते आधी कराच, पण तेवढ्यावर थांबू नका. ती ग्वाही ब्रोकरची आहे, मेसेजची नाही. तोच मेसेज उद्या फाइलीत साठवला, दुसऱ्या क्यूत ढकलला किंवा कुणी ब्रोकरच्या अॅडमिन स्क्रीनवरून हातानं टाकला, तर ती ग्वाही तिथेच संपते.

टीममधल्या मित्रांना टीएलएसचं असं सांगा. टँकरला कुलूप आहे, रस्त्यात कुणी दूध काढू शकत नाही. पण टँकर डेअरीत येऊन उघडला की कुठल्या गावाचं दूध किती, हे कुलपावरून कळत नाही. केंद्र ते ब्रोकर हा एक टप्पा, ब्रोकर ते प्रोग्रॅम हा दुसरा. मधे ब्रोकरपाशी मेसेज उघडाच असतो. तुम्हाला प्रत्येक कॅनवर शिक्का हवाय, आणि तो कॅनबरोबर शेवटपर्यंत जायला हवा.

शिक्का मारायची पद्धत घरी शोधू नका. गुप्त किल्ली आणि मजकूर एकापुढे एक जोडायचे आणि हॅश (मजकुरापासून निघणारा ठरावीक लांबीचा आकडा) काढायचा, हे सगळ्यांनाच सुचतं. एमडी५, शा-१, शा-२५६ या हॅशमध्ये शेवटी बाहेर पडणारा आकडा म्हणजे त्या यंत्राची त्या क्षणाची आतली अवस्था असते. किल्ली माहीत नसली तरी त्या अवस्थेपासून पुढे गाडी चालवता येते. म्हणजे मजकुराच्या शेपटीला हवं ते जोडून नवा, वैध हॅश काढता येतो. २००९ मध्ये थाय डुआँग आणि जुलियानो रिझो यांनी फ्लिकर या फोटोंच्या साइटच्या एपीआयवर नेमकं हेच करून दाखवलं. तिथे गुप्त किल्लीपुढे पॅरामीटर जोडून एमडी५ काढला जायचा.

एचमॅक यासाठीच आहे. बेलारे, कॅनेटी आणि क्रॉचिक यांनी १९९६ मध्ये मांडलं आणि १९९७ मध्ये ते आरएफसी २१०४ झालं (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची मालिका). किल्ली दोनदा वापरली जाते, आतल्या हॅशला एका रूपात आणि बाहेरच्या हॅशला दुसऱ्या रूपात. आतली अवस्था बाहेर कधी दिसतच नाही, म्हणून शेपूट जोडता येत नाही. शा-२५६ घेतलात तर शिक्का ३२ बाइट्सचा. प्रत्येक भाषेच्या लायब्ररीत तयार मिळतो.

निळावंती

वाचतेय. एक बाळबोध शंका: शिक्का नक्की कशावर मारायचा? मेसेज ज्या जेसन या मजकुरी स्वरूपात असतो, त्या ऑब्जेक्टवर?

मेघना_पु

बाळबोध अजिबात नाही, बहुतेक घरांचे वासे इथेच फिरतात. शिक्का अर्थावर नसतो, बाइट्सवर असतो. केंद्रानं ६.४० लिटर पाठवलं, तुम्ही जेसन उघडून परत बांधलंत आणि त्याचं ६.४ झालं, तर शिक्का मोडला. फील्डचा क्रम बदलला, मोडला. एका लायब्ररीनं 'स' अक्षर जसंच्या तसं लिहिलं आणि दुसरीनं त्याचा युनिकोड क्रमांक लिहिला, मोडला.

मराठीत तर याहून बारीक खड्डा आहे. 'कऱ्हाड' मधला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकतर ०९३१ हे एकच चिन्ह, किंवा र आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यूटीएफ-८ मध्ये पहिल्याचे ३ बाइट्स, दुसऱ्याचे ६. मधल्या एखाद्या लायब्ररीनं मजकुराचं प्रमाणीकरण केलं की दुसऱ्याचा पहिला होतो. कऱ्हाडकडच्या केंद्रांचेच मेसेज नापास व्हायला लागतील आणि तुम्ही आठवडाभर नेटवर्क तपासत बसाल. मी बसले आहे. माझ्याकडे ते ग्राहकाच्या पत्त्यात होतं.

जेसन ठरावीक रूपात बांधण्याची पद्धत आहे, आरएफसी ८७८५, २०२० सालची. मी तरी त्या वाटेला जाणार नाही. केंद्रानं जे बाइट्स तयार केले तेच जसेच्या तसे मेसेजच्या पोटात ठेवा, शिक्का हेडरमध्ये. वाचणाऱ्यानं आधी कच्च्या बाइट्सवर शिक्का तपासायचा, जुळला तरच जेसन उघडायचं. रेझरपे या पेमेंट सेवेकडून आपोआप येणारे मेसेज (वेबहुक) घेणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल, तिथेही सही कच्च्या मजकुरावरच तपासायची असते.

सह्याद्री_७७

यात भर. हेडरमधल्या ज्या गोष्टींवर तुम्ही विसंबणार (केंद्र क्रमांक, कुठल्या क्यूसाठी, मेसेजचा प्रकार), त्याही शिक्क्याच्या आत यायला हव्यात. नाहीतर खरा मजकूर दुसऱ्याच पाकिटात घालता येतो.

आणि जोडताना मधे सीमा ठेवा. केंद्र ११, सभासद ७१ हे नुसतं चिकटवलं तर ११७१. केंद्र ११७, सभासद १ हेही ११७१. दोन्हींचा शिक्का एकच! ॲमेझॉनच्या वेब सेवांची सहीची पहिली पद्धत याच दोषामुळे असुरक्षित ठरली. नाव आणि किंमत विभाजकाशिवाय जोडलेली होती, आणि २००८ मध्ये कॉलिन पर्सिव्हलनं ते दाखवून दिलं. प्रत्येक भागाआधी त्याची लांबी लिहा, प्रश्न मिटतो.

अरुणोदय

तुलना करताना साधं 'बरोबर आहे का' वापरू नका. पहिला चुकीचा बाइट सापडताच ती तुलना थांबते, आणि लागलेल्या वेळेवरून एकेक बाइट ओळखत जाता येतं. गूगलच्या कीझार लायब्ररीत २००९ मध्ये हेच सापडलं होतं. पायथनमध्ये कंपेअर-डायजेस्ट, नोडमध्ये टायमिंग-सेफ-इक्वल, पीएचपीत हॅश-इक्वल्स. एका ओळीचा बदल आहे.

कृष्णाकाठ

मेघनाताई, सह्याद्री, अरुणोदय, मनापासून आभार. टँकर आणि कॅनचं आज सकाळी मीटिंगमध्ये सांगितलं, कुणी पुढे प्रश्नच विचारला नाही.

आता पुढची अडचण. जुना मेसेज कुणी परत पाठवला तर? शिक्का खराच असणार. स्ट्राइप या पेमेंट कंपनीच्या लायब्ररीत वेळेचा शिक्का ५ मिनिटांपेक्षा जुना असेल तर नाकारतात, असं वाचलं. आमच्याकडे ते जमणार नाही. गावात लाईट गेली, रेंज गेली तर सकाळचं संकलन दुपारी तीनला वर येतं. कधी दुसऱ्या दिवशी.

मेघना_पु

मग घड्याळावर भिस्त ठेवूच नका. प्रत्येक केंद्रानं आपल्या मेसेजना चढता अनुक्रमांक द्यायचा, १, २, ३ असा, आणि तो शिक्क्याच्या आत. सर्व्हरनं प्रत्येक केंद्राचे आलेले क्रमांक आणि त्यांचे शिक्के लक्षात ठेवायचे. दुपारी तीनला आला तरी चालेल, २०४१९ एकदाच जमा होणार. फायदा असा की मधला क्रमांक आला नाही तर एक नोंद हरवल्याचंही कळतं. नुसत्या वेळेवरून ते कधीच कळलं नसतं.

एक फरक नीट पाळा. तोच क्रमांक, तोच शिक्का परत आला तर तो हल्ला नाही. पोच मिळाली नाही की क्यू मेसेज पुन्हा देते, तिचा स्वभावच तो. मुकाट सोडून द्या. तोच क्रमांक पण शिक्का वेगळा, तर मात्र घंटा वाजली पाहिजे.

वाळवा_तालुका

सगळं वाचलं. पण मला एक सांगा, मूळ घोटाळा डिस्क कॉपी केल्यामुळे झाला ना? किल्ली त्याच डिस्कवर असणार. मग १७१ चा कॉम्प्युटर ११७ च्या किल्लीनं बिनचूक शिक्के मारत बसला असता आणि सर्व्हरनं सगळे खरे मानले असते. एवढं सगळं करून मावशी तिथेच की!

कृष्णाकाठ

हे वाचून दोन मिनिटं शांत बसलो. अगदी बरोबर आहे.

मेघना_पु

वाळवा_तालुका, या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद तुमचा. मी पद्धत सांगत सुटले आणि ज्या घटनेतून प्रश्न आला तिच्याकडे बघितलंच नाही.

दोन उपाय. पहिला, किल्ली डिस्कवर ठेवायचीच नाही. कॉम्प्युटरमध्ये टीपीएम चिप असेल तर किल्ली तिच्या आतच तयार होते, बाहेर काढता येत नाही, डिस्क कॉपी केली तरी बरोबर जात नाही. केंद्रांवरच्या जुन्या मशीनमध्ये ती नसेल, हे गृहीत धरते.

दुसरा उपाय वर येऊन गेलाच आहे, अनुक्रमांक. डिस्क कॉपी झाली तेव्हा त्यावरचा क्रमांक समजा २०४१८ होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही कॉम्प्युटर २०४१९ पाठवणार, एकात एका गावचं दूध, दुसऱ्यात दुसऱ्या गावचं. क्रमांक तोच, शिक्का वेगळा. म्हणजे त्या सकाळच्या अगदी पहिल्या टकरीलाच कळलं असतं की एका किल्लीनं दोन जण बोलताहेत. कोण खरं हे शिक्का सांगणार नाही. थांबून फोन करायला हवा, एवढं नक्की सांगेल.

निळावंती

म्हणजे अनुक्रमांक फक्त जुने मेसेज अडवण्यासाठी नाही, जुळी किल्ली पकडण्यासाठीही. हे कुठल्या ट्युटोरियलमध्ये वाचलं नव्हतं. मग केंद्र नव्यानं बसवलं आणि क्रमांक १ पासून सुरू झाला तर?

सह्याद्री_७७

नवं बसवलं की नवी किल्ली. क्रमांक किल्लीला बांधलेला असावा, केंद्राला नाही. मेसेजमध्ये किल्लीचा ओळख क्रमांक घाला, किल्ली बदलली की मोजणी १ पासून आणि जुनी किल्ली त्या तारखेपासून बंद.

पण 'कुठल्या पद्धतीनं तपासायचं' हे मात्र मेसेजला कधीही सांगू देऊ नका. २०१५ मध्ये जेडब्ल्यूटी (सही केलेलं, ओळखपत्रासारखं टोकन) तपासणाऱ्या कितीतरी लायब्ररी याच कारणानं उघड्या पडल्या. टोकनच्या हेडरमध्ये अल्गोरिदम 'नन' लिहिलं की लायब्ररी सहीविना टोकन खरं मानायची. पद्धत तुमच्या बाजूला किल्लीबरोबर नोंदलेली असली पाहिजे.

पद्मनाभ_क

इथवर सगळे एचमॅक धरून चाललेत, म्हणून विचारतो: पाच प्रोग्रॅम शिक्का तपासणार, म्हणजे पाचही ठिकाणी दोनशे केंद्रांच्या गुप्त किल्ल्या. एसएमएसच्या सर्व्हरवर कुणी शिरलं तर तो कुठल्याही गावाच्या नावानं दूध जमा करू शकेल. एचमॅक हा रबरी शिक्का आहे, ज्याच्या हातात तो मारू शकतो. इथे सही हवी.

एड२५५१९ ही सहीची पद्धत बघा. खाजगी किल्ली फक्त केंद्राकडे, सर्व्हरकडे ३२ बाइट्सची जाहीर किल्ली, सही ६४ बाइट्सची. २०११ पासून आहे, २०१७ मध्ये आरएफसी ८०३२ झालं. वेगाची काळजी नको. दोनशे केंद्रं, प्रत्येकी शंभर नोंदी, दोन तासांचं संकलन धरलं तर सेकंदाला तीनसुद्धा मेसेज होत नाहीत. साधा सर्व्हर सेकंदाला हजारो सह्या तपासतो. टीपीएम वापरणार असाल तर मात्र बहुतेक चिपमध्ये एड२५५१९ नसतं, ईसीडीएसए ही सहीची दुसरी पद्धत (पी-२५६ वरची) असते, ती घ्या.

संघ आणि केंद्र यांच्यात बिलावरून वाद झाला तर फरक आणखी कळेल. एचमॅक असेल तर केंद्राचा सचिव म्हणू शकतो, "हा शिक्का तुमच्याकडेही होता, तुम्हीच मारला असेल." आणि त्याचं म्हणणं रास्तच असेल.

अरुणोदय

पद्मनाभ यांच्याशी सहमत. फक्त सचिवांना 'कायदेशीर डिजिटल सही' असं सांगू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधली डिजिटल सही परवानाधारक प्रमाणन प्राधिकरणाच्या प्रमाणपत्रावर उभी असते. ही आपली आतली व्यवस्था आहे.

निळावंती

अवांतर: व्हॉट्सॲपमध्येही प्रत्येक मेसेजवर असाच शिक्का असतो का?

पद्मनाभ_क

असतो, तिथे सिग्नलचा प्रोटोकॉल आहे. पण तिथे दोघांमधल्या गप्पांत सही मुद्दाम टाळलेली आहे. दोघांकडे एकच किल्ली असल्यानं समोरच्याला खात्री पटते, पण तिसऱ्याला दाखवायला पुरावा उरत नाही. ही कल्पना २००४ च्या ओटीआर या गुप्त चॅटच्या प्रोटोकॉलपासूनची. त्यात तर वापरून झालेल्या शिक्क्याच्या किल्ल्या उघड करून टाकतात, म्हणजे नंतर कुणीही तसा मेसेज बनवू शकला असता असं म्हणता यावं. खाजगी गप्पांसाठी ते योग्यच. दुधाच्या हिशोबाला नेमकं उलटं हवं.

वाळवा_तालुका

मी कॉम्प्युटरवाला नाही, आमच्या घरी चार म्हशी आहेत आणि वडील रोज दूध घालतात. म्हणून मनातलं विचारतो. फॅट मोजणारं यंत्र ते कॉम्प्युटर ही जी वायर आहे, तिच्यावर काय? यंत्र बंद पडलं की आमच्याकडे फॅट हातानं टाइप करतात. ६.८ चं ६.२ टाइप झालं तर त्यावरही सही बसणारच ना? मग आम्ही तक्रार केली तर उत्तर मिळेल, "सही आहे, म्हणजे बरोबर आहे."

कृष्णाकाठ

दादा, तुमची भीती खरी आहे. सही फक्त एवढंच सांगते की हा आकडा त्या केंद्राच्या कॉम्प्युटरनं पाठवला. आकडा खरा आहे असं ती म्हणत नाही, आणि आमच्याकडून कुणी तसं म्हणूही नये. यंत्राकडून वायरीनं नुसते आकडे येतात, त्यावर काहीच नसतं. निदान एवढं करतो: आकडा यंत्रातून आला की हातानं टाइप केला, हे मेसेजमध्ये वेगळं लिहायचं आणि तेही सहीच्या आत. आणि अनुक्रमांक सभासदाच्या पावतीवर आणि एसएमएसमध्ये छापायचा. पावतीवर २०४१९ असेल तर बिलातही २०४१९ सापडला पाहिजे.

वाळवा_तालुका

हातानं टाइप केलं हे पावतीवरही छापा. आमच्या वडिलांना सही वाचता येणार नाही, पण 'हाताने' हा शब्द वाचता येतो.

कृष्णाकाठ

छापतो.

कृष्णाकाठ

पाच आठवड्यांनी परत आलो, काय झालं ते सांगायला.

प्रत्येक केंद्राचा वेगळा युजर पहिल्याच आठवड्यात झाला. एड२५५१९ घेतलं. किल्ली केंद्रावरच तयार होते, जाहीर किल्ली आमचा माणूस तिथे उभा राहून फोनवर वाचून दाखवतो, मग नोंद होते. वेळ जातो, पण डिस्क उचलून दुसरीकडे लावायची सवय त्यामुळेच मोडली.

पहिले पंधरा दिवस सह्या नुसत्या तपासल्या, एकही मेसेज अडवला नाही. बरं झालं. एका केंद्राचं घड्याळ बॅटरी संपल्यानं रोज मागे जात होतं. वेळेवर विसंबलो असतो तर त्या गावाचं सगळं दूध नाकारलं गेलं असतं. चार केंद्रांच्या सह्या एकसारख्या नापास होत होत्या, आणि मेघनाताई, चारही ठिकाणी गावाच्या नावात ऱ होता. आमचा जुना गेटवे (मधला प्रोग्रॅम) जेसन उघडून परत बांधत होता. तो काढला.

आता नापास मेसेज फेकत नाही, वेगळ्या क्यूत ठेवतो. एसएमएस जात नाही, बिलात धरला जात नाही, पण नोंद जपून राहते आणि संध्याकाळच्या संकलनाआधी त्या केंद्राला फोन जातो. कारण सही चुकली तरी दूध तर कुणीतरी घातलेलंच असतं.

गेल्या मंगळवारी पहिली खरी घंटा वाजली. क्रमांक तोच, सही वेगळी, सकाळी ६ वाजून १२ मिनिटांनी. केंद्राला फोन केला तर कळलं की कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून सचिवांनी महिन्यापूर्वीचा बॅकअप चढवला होता, त्याबरोबर अनुक्रमांकही मागे गेला. नवी किल्ली दिली, त्या सकाळच्या अकरा नोंदी वेगळ्या क्यूतून उचलून पावत्यांशी ताडून पाहिल्या आणि साडेआठला सगळ्यांना एसएमएस गेले.

मेघना_पु

फार बरं वाटलं वाचून. अनुक्रमांक बॅकअपमध्ये येऊ नये म्हणून किल्ली आणि क्रमांक एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि तो फोल्डर बॅकअपमधून वगळा. बॅकअप चढवला की किल्लीच नसेल, मग नवी घ्यावीच लागेल.

कृष्णाकाठ

हे आजच करतो.